आबांचे तूप

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस आमच्या देऊळघाटात दवाखान्याची गर्दी ओसरते. सोयाबीन घरात आलेले असते, कपाशीची पहिली वेचणी चाललेली असते आणि घरोघर कढई चुलीवर चढलेली असते. आजारी माणूससुद्धा या दिवसांत आपला आजार चार दिवस पुढे ढकलतो. मला मात्र हे दिवस नेहमी थोडे अवघड जातात. वाटेत भेटणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो : "डाक्टरसाहेब, काय खाऊ अन् काय नको?" १९७४ साली मी या गावात दवाखाना थाटला, तेव्हापासून या प्रश्नाला उत्तर देत आलो आहे. उत्तर देताना माझा आवाज कधी अडखळला नाही. उत्तर मात्र या पन्नास वर्षांत तीन-चार वेळा बदलले.

गेल्या दिवाळीत एक पस्तिशीचा तरुण माझ्याकडे आला. अंगाने सडपातळ, पण पोट किंचित पुढे आलेले. रक्तातील साखर वाढली म्हणून तो बुलढाण्याला औषध घेतो. तो आजाराविषयी बोलायला आला नव्हता. फराळाचा डबा टेबलावर ठेवून तो म्हणाला, "काका, एक विचारू का? राग नका मानू. आमची आजी मरेपर्यंत म्हणे, की डाक्टरनं तुह्या आबाचं तूप तोडलं. आता तर जो तो सांगतो, तूप खा, तूपच चांगलं. मंग आबाचं तूप काहून तोडलं होतं तुमी?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, निव्वळ कुतूहल होते. म्हणूनच तो प्रश्न मला झटकून टाकता आला नाही. "त्या वेळी तसेच मानत असत," एवढे मी म्हणालो. तो गेल्यावर माझ्या ध्यानात आले, की जगातला प्रत्येक जण आपल्या चुकीविषयी हेच एक वाक्य बोलत असतो. ते खोटे नसते, पण पुरेसेही नसते. त्या मुलाला जे सांगता आले नाही, ते इथे मांडून पाहतो.

त्याच्या आजोबांना सारे गाव आबा म्हणे. १९८१ च्या उन्हाळ्यात शेतावरून येताना त्यांच्या छातीत कळ आली. वय छप्पन्न. जिल्ह्याच्या ठिकाणी हलविले, दैव बलवत्तर म्हणून वाचले. परत आल्यावर त्यांना काय खायला द्यायचे, हे सांगण्याचे काम माझ्याकडे आले. त्यांच्या घरी दोन म्हशी होत्या. सकाळी भाकरीवर लोणी, दुपारी वरणावर तूप, रात्री साय धरलेले दूध. मी ओटीवर बसून एकेक गोष्ट बंद केली. तूप बंद, लोणी बंद, साय बंद. आबांच्या पत्नीने विचारले, "मंग पोळीले काय लावू? ते डब्यातलं वनस्पती चालते का?" मी क्षणभर विचार केला. ते तेलापासून केलेले, जनावराच्या दुधाचे नव्हे. मी म्हणालो, "चालेल, थोडे थोडे."

आबांनी माझा शब्द सहा वर्षे पाळला. इतका आज्ञाधारक रोगी मला पुन्हा मिळाला नाही. पोळ्याच्या दिवशी घरात पुरण शिजे, तेव्हा सगळ्यांच्या पोळीवर घरच्या तुपाची धार पडे, आणि आबा आपल्या पोळीवर डब्यातले पांढरे वनस्पती चोपडून घेत. एकदा मला म्हणाले, "डाक्टरसाहेब, तूप सोडलं त्याचं काही नाही. पण म्हशीजवळ गेलं की लाज वाटते." पुढे दोन्ही म्हशी विकल्या. १९८७ च्या थंडीत आबा गेले, छातीतल्या त्याच कळेने.

आता मी हा सल्ला कोठून आणला होता ते सांगितले पाहिजे. तो मी मनाने काढलेला नव्हता. माझ्या पाठ्यपुस्तकांत तो होता, आणि पाठ्यपुस्तकांत तो आला होता मुख्यतः एका माणसाच्या आयुष्यभराच्या खटपटीमुळे. तो माणूस म्हणजे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज. हा मनुष्य सामान्य नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, त्यांनी ३६ तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. हे तरुण युद्धात शस्त्र धरण्यास नकार देणारे होते आणि स्वेच्छेने उपाशी राहिले होते. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशांतील भुकेलेल्या माणसांना पुन्हा कसे जेवू घालावे, हे त्यातून शोधायचे होते. भुकेने शरीराचे आणि मनाचे काय होते, याविषयी आजही त्या प्रयोगाचा आधार घेतला जातो.

युद्ध संपले आणि कीज यांचे लक्ष भुकेवरून भरल्या पोटाकडे वळले. अमेरिकेतील सुस्थितीतले पुरुष ऐन पन्नाशीत हृदयविकाराने मरत होते. १९५३ साली कीज यांनी सहा देशांचा एक आलेख मांडला. ज्या देशात लोक स्निग्ध पदार्थ अधिक खातात, तेथे हृदयविकाराचे मृत्यू अधिक. जपान तळाशी, अमेरिका शिखरावर, आणि मधली रेघ जणू पट्टीने आखलेली. १९५७ साली येरुशालमी आणि हिलेबो या दोघांनी आक्षेप घेतला की आकडे २२ देशांचे उपलब्ध होते, ते सारे घेतले तर रेघ इतकी सरळ राहत नाही. कीज यांनी हार मानली नाही. १९५८ पासून त्यांनी सात देशांतील बारा हजारांवर पुरुषांचा प्रत्यक्ष पाठपुरावा सुरू केला : अमेरिका, फिनलंड, नेदरलंड्स, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि जपान. या सातांत हिंदुस्थान नव्हता. १९६१ च्या जानेवारीत 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर कीज यांचे चित्र आले. त्याच वर्षी अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने लोकांना सल्ला दिला, की लोणी-चरबीसारखे संपृक्त मेद कमी करा, त्यांच्या जागी वनस्पतिज तेले घ्या. तेथून वीस वर्षांत तो सल्ला समुद्र ओलांडून, पाठ्यपुस्तकांची पाने ओलांडून, आबांच्या ओटीवर पोचला.

या प्रवासात त्याला विरोध करणारे भेटलेच नाहीत असे नाही. लंडनचे जॉन युडकिन सांगत होते की दोष चरबीपेक्षा साखरेचा आहे. त्यावर त्यांनी १९७२ साली एक पुस्तक लिहिले आणि बराच उपहास सोसला. आपल्याकडेही एक आवाज होता, आणि तो मुंबईहून आला होता. पश्चिम रेल्वेचे एक वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी देशभरच्या लक्षावधी रेल्वे कर्मचाऱ्यांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. १९६७ साली ब्रिटनमधील हृदयरोगाच्या नियतकालिकात त्यांनी जे मांडले ते कीज यांच्या आलेखाच्या अगदी उलट होते. दक्षिणेतील कर्मचाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू उत्तरेतील कर्मचाऱ्यांच्या सातपट होते. आणि उत्तरेतील माणूस दक्षिणेतल्यापेक्षा कितीतरी पट अधिक स्निग्ध पदार्थ खात होता, तेही मुख्यतः दूध आणि तूप यांच्या रूपाने. दक्षिणेत बहुतेक तेल होते.

हा निबंध मी वाचला तो निवृत्तीच्या वयात. तो आपल्या देशातला, आपल्या रेल्वेतला, आणि माझ्या पदवीच्याही आधीचा. आमच्या वर्गात त्याचा उच्चार झाल्याचे मला आठवत नाही. वाचून प्रथम मला संताप आला, आणि मग थोडा आनंदही झाला : म्हणजे आजी बरोबर होती! परंतु दुसऱ्यांदा वाचताना तो आनंद टिकला नाही. मल्होत्रांच्या पुराव्याचा कमकुवतपणा कीज यांच्या पहिल्या आलेखासारखाच होता. समूहाशी समूहाची तुलना. पंजाबी माणूस आणि मद्रासी माणूस यांत फक्त तुपाचाच फरक नव्हता. धान्य वेगळे, हवा वेगळी, श्रम वेगळे, मृत्यूचे कारण लिहिणारा डॉक्टरही वेगळा. सहा देशांच्या आलेखाने तूप दोषी ठरत नाही, तसेच रेल्वेच्या नोंदींनी ते निर्दोषही ठरत नाही. मल्होत्रांचा निबंध तूप खा असे सांगत नव्हता. तो एवढेच सांगत होता, की अजून ठरले नाही, थांबा. आणि नेमके हेच कोणाला ऐकायचे नव्हते.

याहूनही मला अधिक अस्वस्थ केले ते एका तळघराने. १९६८ ते १९७३ या काळात मिनेसोटात एक मोठा प्रयोग झाला. त्याचे प्रमुख डॉ. इव्हान फ्रांत्स, आणि प्रवर्तकांत स्वतः कीज. सरकारी मनोरुग्णालये आणि एक वृद्धाश्रम यांतील नऊ हजारांहून अधिक माणसांपैकी निम्म्यांना नेहमीचे अन्न दिले, निम्म्यांना लोणी-चरबीऐवजी मक्याचे तेल घातलेले अन्न. आपल्या ताटात काय पडावे हे ठरविण्याचा अधिकार नसलेली ही माणसे होती, म्हणून प्रयोग चोख झाला. तेल खाणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल ठरल्याप्रमाणे उतरले, पण मृत्यू कमी झाले नाहीत. हा निष्कर्ष छापून यायला १९८९ साल उजाडले, आणि तोही अपुरा. उरलेली माहिती फ्रांत्स यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मुलाला घराच्या तळघरात सापडली, आणि तिच्या आधारे २०१६ साली नवा निबंध प्रसिद्ध झाला. त्यातही उणिवा आहेत. पुष्कळ रुग्ण थोडेच दिवस त्या अन्नावर होते. पण माझे मन अडते ते तारखांवर. प्रयोग संपला १९७३ साली. आबांचे तूप मी बंद केले १९८१ साली. मधल्या आठ वर्षांत ते आकडे कोणाच्या तरी कपाटात होते. त्याच २०१६ साली आणखी एक गोष्ट उघडकीस आली : १९६७ साली हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी चरबीवर ठपका ठेवून साखरेला सौम्यपणे वगळणारा जो लेख लिहिला, त्यासाठी साखर उद्योगाने पैसे दिले होते.

इतके वाचल्यावर कोणीही म्हणेल, की मग सारेच थोतांड होते. मी तसे म्हणत नाही. रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढले तर हृदयविकाराचा धोका वाढतो, ही गोष्ट आज अनेक बाजूंनी पक्की झाली आहे. १९९४ साली स्कँडिनेव्हियातील चार हजारांवर रुग्णांच्या चाचणीत औषधाने कोलेस्टेरॉल उतरविले, तेव्हा मृत्यू स्पष्टपणे घटले. संपृक्त मेदाच्या जागी चांगली तेले, दाणे, डाळी आल्या तर लाभ होतो, आणि साखर-मैदा आला तर काही होत नाही, असे बहुतेक जाणकार मानतात. कीज स्वतः ज्या भूमध्य सागराकाठच्या जेवणाचे गुण गात राहिले, त्याची थोरवी अजून टिकून आहे. ते २००४ साली, शंभरी ओलांडून गेले. त्यांचे चाहते यालाच पुरावा मानतात. पण एका माणसाच्या आयुष्याने काहीच सिद्ध होत नाही, कीज यांच्याही नाही आणि आबांच्याही नाही.

तेव्हा आबांचे तूप कमी केले ही माझी चूक असेलच असे नाही. छातीत कळ येऊन गेलेल्या माणसाला आजही मी तूप मोजून खा असेच सांगेन. निःसंशय चूक होती ती दुसरी. ते "चालेल." तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळून ते गोठविले म्हणजे वनस्पती तूप होते, आणि त्या क्रियेत ट्रान्स मेद नावाचा जो प्रकार तयार होतो, तो हृदयाला तुपाहूनही घातक आहे. हे आज निर्विवाद आहे, इतके, की २०२२ च्या जानेवारीपासून आपल्या देशात तेला-तुपातील ट्रान्स मेद दोन टक्क्यांवर जाऊ द्यायचे नाहीत असा नियम आहे. अमेरिकेतील फ्रेड कुमेरो या संशोधकाने १९५७ सालीच त्याविषयी इशारा दिला होता. तो माझ्यापर्यंत पोचला नाही. मी एका घरचे घुसळलेले तूप बंद करून तेथे कारखान्यातला डबा नेऊन ठेवला, आणि सहा वर्षे एक विश्वासू माणूस माझ्या शब्दाखातर तो खात राहिला.

यात माझे पाप किती? प्रश्न असा सरळ विचारला म्हणजे दोन सोपी उत्तरे समोर येतात. एक म्हणते, हेतू शुद्ध होता, तेव्हा दोष नाही. दुसरे म्हणते, परिणाम वाईट झाला, तेव्हा दोषी. मला दोन्ही उत्तरे पळवाटा वाटतात. शुद्ध हेतूचे उत्तर मान्य केले तर जगातील सर्वांत निर्धास्त मनुष्य अडाणी ठरेल. परिणामाचे उत्तर मान्य केले तर कोणीही कोणाला कधीच सल्ला देऊ नये, कारण उद्याचे ज्ञान आज कोणापाशीच नसते.

विचार करता करता मला वाटले, की या चुकीचे तीन थर आहेत आणि ते वेगळे केले पाहिजेत. पहिला थर, माहीत नसणे. ट्रान्स मेदाविषयी मला माहीत नव्हते, तालुक्यातील कोणाही डॉक्टराला नसावे. हा दोष नव्हे, हे माणसाचे माणूसपण आहे. तिसरा थर, माहीत असून दडविणे. ते तळघर आणि ते साखरेचे पैसे. त्याला दोष म्हणायला धर्मशास्त्र लागत नाही. पण या दोहोंच्या मध्ये एक थर आहे, आणि माझे घर तेथे आहे. तो म्हणजे, माहीत नाही हे माहीत असून खात्रीच्या आवाजात बोलणे. आबांच्या पत्नीने विचारले तेव्हा मी क्षणभर विचार केला, असे वर लिहिले आहे. तो क्षण मला अजून आठवतो. त्या क्षणी माझ्या मनात उमटले होते, "याविषयी आपण काहीच वाचलेले नाही." आणि तोंडातून आले, "चालेल."

यावर माझे एक समव्यवसायी मित्र म्हणतात, "अरे, रोग्याला संशय सांगून कसे चालेल? तो औषधच घेणार नाही. डॉक्टराच्या खात्रीतच निम्मे औषध असते." या युक्तिवादात तथ्य आहे. दारात आलेल्या माणसाला आज उत्तर हवे असते, वीस वर्षांनंतरचे नव्हे. पण हा युक्तिवाद खरा असेल तर तो फक्त उत्तर देण्याच्या बाजूचा आहे, खात्रीचे सोंग घेण्याच्या बाजूचा नाही. "मला नक्की माहीत नाही, पण आज तरी असे करावे असे वाटते" हे वाक्य बोलायला किती वेळ लागतो? शेतकऱ्याला अनिश्चितता समजत नाही हे तर धादांत खोटे आहे. आबा दर मृगाला ढगांकडे पाहून हजारो रुपयांचे बी मातीत टाकीत असत. पाऊस येईलच असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. संशय पेलण्याची ताकद त्यांच्यात माझ्याहून अधिक होती. सोंगाची गरज आबांना नव्हती, ती माझ्या खुर्चीला होती.

आणि हेच आज त्या मुलाच्या हातातील मोबाईलला लागू आहे. "तूपच चांगलं" असे जो खणखणीत आवाजात सांगतो, त्याने माझी चूक दुरुस्त केलेली नाही. त्याने माझीच चूक उलटी करून पुन्हा केली आहे.

एकाच्या ताटातील चूक एका घरात राहते. तीच आकड्यांत शिरली की देशभर पसरते. या बाबतीत मला नेहमी डॉ. पां. वा. सुखात्मे आठवतात. साताऱ्याकडील बुध गावी १९११ साली जन्मलेला हा संख्याशास्त्रज्ञ पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत रोमला मोठ्या पदावर होता. गरीब देशांतील लोकांना प्रथिने कमी पडतात, म्हणून त्यांना प्रथिनांचे खास पदार्थ पुरवा, असा जगभर गजर चालू असताना सुखात्म्यांनी आकडे मांडून सांगितले, की भाकरी-डाळ पोटभर मिळाली तर प्रथिनेही पुरतात, कमी पडते ते अन्नच. पुढे जगाने बव्हंशी ते मानले. त्याच सुखात्म्यांनी नंतर असा विचार मांडला, की एकाच माणसाची अन्नाची गरज दिवसागणिक कमीजास्त होते आणि शरीर काही मर्यादेत जुळवून घेते. तेव्हा सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण भुकेला समजू नये. यावर १९८० च्या सुमारास पुण्यातच अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्याशी त्यांचा तीव्र वाद झाला. आक्षेप असा, की रेघ खाली ओढली तर लक्षावधी भुकेले लोक कागदावर तृप्त ठरतील. दोघेही थोर, दोघेही मराठी, दोघांचीही गरिबांविषयीची तळमळ निर्विवाद. पण रेघ चुकीची ओढली गेली तर उपाशी कोण राहील? सुखात्मे नव्हेत आणि दांडेकरही नव्हेत. चुकीची किंमत चूक करणाऱ्याला पडत नाही. म्हणूनच ज्याला किंमत पडते त्याच्यापुढे आपला संशय उघडा करणे, हे ज्ञानी माणसाचे कर्ज आहे, मेहेरबानी नव्हे.

इथवर लिहून मी थांबणार होतो. परंतु गेली काही वर्षे मी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम समजून घेण्याचा प्रयत्न करीत आहे, आणि त्याने माझा सारा हिशेबच विस्कटला. १९९३ पासून याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील बायांचा पाठपुरावा केला, गर्भार राहण्याच्या आधीपासून. त्यांची बाळे जन्माला आली ती सरासरी पावणेतीन किलोंच्या आतबाहेर, इंग्लंडमधील बाळे साडेतीनच्या घरातली. पण नवल पुढे आहे. आपली बाळे हाडामांसाने बारीक होती, चरबीने तितकी बारीक नव्हती. वरून कृश, आतून मेदाळ. अशी शरीरे मोठेपणी मधुमेहाकडे आणि हृदयविकाराकडे लवकर झुकतात. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांनी स्वतःचे आणि एका इंग्रज मित्राचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, २२.३ या एकाच आकड्याचे. पण इंग्रजाच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. या खेड्यांतील ज्या बायांच्या खाण्यात पालेभाज्या, फळे आणि दूध होते, त्यांची बाळे अधिक भरलेली निघाली.

हे वाचताना मला आबांचे घर दिसू लागले. आबा ओटीवर पाटावर बसलेले, समोर ताट, आणि मी त्या ताटातला एकेक पदार्थ बोटाने दाखवून बंद करीत आहे. माजघराच्या उंबऱ्यात त्यांची सून उभी. दिवसभर निंदण करून आलेली. सगळ्यांची जेवणे झाल्यावर उरलेली ज्वारीची भाकरी आणि ठेचा घेऊन ती चुलीपाशी बसायची. हे मला माहीत नव्हते असे मी म्हणू शकत नाही. त्या घरी मी शंभर वेळा गेलो. तुपाची धार पोळ्याला "सगळ्यांच्या" पोळीवर पडे असे मी वर लिहिले, पण त्या सगळ्यांत ती होती की नाही, हे मी कधी पाहिले नाही. १९९० साली तिला मुलगा झाला. माझ्याच काट्यावर मी त्याला तोलले होते : दोन किलो दोनशे. तिने काळजीने विचारले, तेव्हा मी म्हणालो, "आपल्याकडे पोरे एवढीच असतात." तोच खात्रीचा आवाज.

तोच मुलगा गेल्या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन आला होता. सडपातळ, पोट किंचित पुढे आलेले, पस्तिशीत रक्तात साखर. एका माणसाने काही सिद्ध होत नाही हे मीच वर सांगितले आहे, आणि ते मी मागे घेत नाही. त्याचा आजार त्याच्या आईच्या भाकरीतून आला असे मी म्हणणार नाही. मी म्हणतो ते एवढेच, की अर्धशतकभर विद्वान मंडळी आणि त्यांच्यामागून माझ्यासारखे खेड्यातले डॉक्टर, एका प्रौढ पुरुषाच्या ताटात तूप असावे की तेल यावर भांडत होतो. सात देश, सहा देश, रेल्वेचे कर्मचारी, सारे पुरुष. जी सर्वांनंतर जेवते तिच्या ताटाविषयी आमच्यातल्या कोणी वाद घातल्याचे मला आठवत नाही. तेथे काय आहे हे कळायला मोठे यंत्र लागत नव्हते. मान वळवायला हवी होती.

चूक उत्तरात असली तर ती पुढचा शास्त्रज्ञ दुरुस्त करतो. पण चूक कोणाला पाहायचे यातच असली, तर ती दुरुस्त करायला शास्त्र धावून येत नाही. तेथे आपल्यालाच शरम वाटावी लागते.

या आठवड्यात मी स्वतः चालत त्या मुलाच्या घरी गेलो. त्याची आई अंगणात शेंगा फोडीत बसली होती. मी त्याला म्हणालो, "तू मागल्या वर्षी विचारलेस त्याचे उत्तर घेऊन आलो आहे. तूप कमी करा असे सांगितले ते बहुधा ठीक होते, पण तितक्या खात्रीने सांगायला नको होते. वनस्पती चालेल म्हणालो ती मात्र चूकच होती. तुझ्या आजीला मी हे सांगायला हवे होते." तो गोंधळला. म्हणाला, "जाऊ द्या काका, इतकं काय त्यात." त्याची आई मात्र हात थांबवून माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आबाले एकदा तरी पोळीवर घालू द्यायचं होतं, डाक्टरसाहेब. सणाले."

मी म्हणालो, "हो."

आत त्याची बायको करंज्या तळीत होती. तिला पाचवा महिना आहे. आम्हाला चहा आला, चकल्या आल्या. निघताना मी त्याला तुपाविषयी काही सांगितले नाही. एवढेच विचारले, "ती जेवली का?" त्याने आत वळून पाहिले. त्याला ठाऊक नव्हते.